अँडोराला निघालात? आधी व्हिसावरचे प्रवेश मोजा

फ्रान्स आणि स्पेनच्या मधे, पिरेनीजच्या डोंगरात वसलेला अँडोरा अवघ्या ४६८ चौरस किलोमीटरचा देश आहे. पर्यटकांना तिथे ९० दिवसांपर्यंत राहायला वेगळा व्हिसा लागत नाही. एवढंच ऐकून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच अडकतात. अँडोरात ना विमानतळ आहे, ना रेल्वे. वाट एक तर स्पेनमधून, नाही तर फ्रान्समधून. हे दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, अँडोरा मात्र शेंगेनबाहेर. म्हणजे बार्सिलोनाला उतरलात की पहिला प्रवेश झाला, अँडोरात शिरलात की शेंगेनबाहेर पडलात, आणि परतीच्या विमानासाठी बार्सिलोनाला आलात की दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर नियमाप्रमाणे परत आत येता येत नाही, आणि थेट भारतात यायला तिथून दुसरी वाटच नाही. म्हणून अर्जातल्या ‘प्रवेशांची संख्या’ या रकान्यात मल्टिपल निवडा, निदान दोन तरी.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे शेंगेनमधल्या मुक्कामावर ठरतं. अँडोराच्या रात्री सोडून स्पेनमध्ये जास्त दिवस असतील तर स्पेनकडे, फ्रान्समध्ये जास्त असतील तर फ्रान्सकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण चौकशी लांबली तर ४५ दिवसही लागतात. मे महिन्याची सुट्टी धरून जाणाऱ्यांनी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघावी. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून निघाल्यावर पुढे तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या. बोटांचे ठसे द्यायला स्वतःला जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. मुंबईत सकाळची वेळ मिळाली तर सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, पण गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून वेळ जरा उशिराची घ्या.

खरी मेहनत पैशाच्या कागदांत आहे. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांचा सगळा व्यवहार फर्मच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यात असतो आणि बचत खातं रिकामं दिसतं. असं स्टेटमेंट एकटं लावलं तर प्रवासाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंटं शाखेच्या सही-शिक्क्यानिशी लावा; सोबत आयटीआर आणि जीएसटी नोंदणी. शेतकऱ्यांनी सातबारा आणि उसाच्या बिलाच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह द्याव्यात. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम आणून टाकू नका. एफडी मोडली किंवा माल विकला म्हणून आली असेल तर त्याचा कागद जोडा. नोकरदारांना पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजुरीचं पत्र लागतं. पासपोर्ट, बँक आणि आयटीआर यांतलं नावाचं स्पेलिंग आधीच जुळवून घ्या.

विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो. पण ‘शेंगेन’ एवढंच लिहिलेली पॉलिसी अँडोरात उपयोगी पडेलच असं नाही. पॉलिसीत अँडोराचं नाव मागून घ्या. डोंगरात बर्फावर पाय मोडला तर हीच ओळ कामाला येते.

कव्हर लेटर एक पानाचं पुरे. त्यात तारखा सरळ मांडा: बार्सिलोना, मग बसने अँडोरा ला व्हेला (साधारण तीन तास), मग पुन्हा बार्सिलोना. म्हणूनच दोन प्रवेश हवेत, हे एका वाक्यात लिहा आणि अँडोराच्या हॉटेलचं बुकिंग जोडा. ते लपवून सगळे दिवस स्पेनचे दाखवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खोटं बुकिंग सापडलं की नकार ठरलेला, आणि तो पुढच्या अर्जालाही नडतो. व्हिसाचे दिवस मात्र अँडोरा धरून मागा. रस्त्याच्या नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद होईलच असं नाही, आणि नोंद नसेल तर तुम्ही त्या दिवसांत बाहेर होतात हे सिद्ध करणं अवघड जातं.

पासपोर्ट हातात आला की केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा. तारखा, दिवसांची संख्या आणि प्रवेशांचा रकाना. तिथे ‘०१’ असेल तर तो एकच प्रवेश. ‘०२’ किंवा ‘मल्ट’ हवं. ‘०१’ दिसलं तर चूक दुरुस्त होते का ते लगेच विचारा. होत नसेल तर अँडोरा रद्द करून स्पेनच फिरा.

सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बिनधास्त न्या. पेढे, तूप, मांस युरोपीय संघात नेता येत नाही. डाळिंबालाही रोपस्वच्छता प्रमाणपत्र लागतं. ‘युरोप’ म्हणून विकलेल्या अनेक ई-सिममध्ये अँडोरा नसतो, तेव्हा सीमेआधीच रोमिंग बंद करा. अँडोरात कर कमी म्हणून खरेदी स्वस्त पडते, पण परतताना स्पेनचे कस्टमवाले बसमधलं सामान तपासू शकतात. सिगारेटी ३०० पर्यंत, कडक दारू दीड लिटरपर्यंत. त्याहून जास्त असेल तर जाहीर करून कर भरावा लागतो.