न्यूट्रॉनसाठी नॅनो-निकेलचा पत्रा: प्लेटिंगच्या बाथपासून ट्रॉम्बेच्या बीमपर्यंत

सॅन्समध्ये, म्हणजे लघुकोनी न्यूट्रॉन प्रकीर्णनात, निकेलच्या बारीक कणांतलं चुंबकन (आतल्या चुंबकत्वाची दिशा) कुठे आणि किती विस्कटलंय ते मोजता येतं. पण पत्र्यात छिद्रं राहिली तर न्यूट्रॉन तीच आधी दाखवतात. त्यामुळे खरी मेहनत प्लेटिंगवर, म्हणजे विजेने निकेलचा थर चढवून पत्रा बनवण्यावर घ्यायची.

एक लिटर बाथला, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाला, निकेल सल्फेट 250 ग्रॅम, निकेल क्लोराइड 45, बोरिक अ‍ॅसिड 35 आणि सॅकरिन 2 ग्रॅम. कण नॅनोमीटरमध्ये ठेवायचं काम सॅकरिनचं. पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट होऊन साचतं आणि पत्रा खरखरीत होतो. तापमान 50 अंश, पीएच 4. कॅथोड पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे पत्रा अलगद सोलून निघतो. बाथ सतत ढवळत ठेवा, नाहीतर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून खळगे पडतात.

दर चौरस सेंटिमीटरला 20 मिलिअँपिअर दिले की तासाला साधारण 24 मायक्रोमीटर थर चढतो. 100 मायक्रोमीटरला सव्वाचार तास लागतात आणि तेवढ्यात लाइट गेली तर पत्रा फुकट. करंट तुटला की निकेलवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, पुढचं निकेल त्याला चिकटत नाही, सोलताना पापुद्रे सुटतात. पॉवर सप्लाय इन्व्हर्टरवरच ठेवा. ताण घालवायला पत्रा 200 अंशांपुढे तापवू नका, कण वाढतात.

ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरचा बीमटाइम, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत वापरायचा वेळ, विद्यापीठांना यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या मुंबई केंद्रामार्फत मागता येतो. हवं तेवढं चुंबकीय क्षेत्र देणारा चुंबक मिळेल का, ते अर्जाआधीच विचारा. चार पत्रे एकावर एक ठेवून कॅडमियमच्या मास्कमागे (बाजूचे न्यूट्रॉन अडवणारी भोकाची पट्टी) क्लॅम्प करा. गोंद, टेप नको. त्यातल्या हायड्रोजनमुळे बॅकग्राउंड, म्हणजे नको असलेलं प्रकीर्णन, वाढतं. न्यूट्रॉनची तरंगलांबी 4.1 अँगस्ट्रॉमच्या (0.41 नॅनोमीटर) वर हवी, नाहीतर ब्रॅग परावर्तनं (स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून होणारी) दोनदा होऊन लहान कोनांत घुसतात.

चुंबकीय क्षेत्र पत्र्याच्या प्रतलात, बीमला काटकोनात. सुरुवात सर्वांत मोठ्या क्षेत्रापासून, 1.5 टेस्ला किंवा जास्त, आणि मग फक्त खाली: 1, 0.5, 0.2, 0.05. मध्येच वर गेलात तर हिस्टेरिसिसमुळे (चुंबकन आधीच्या क्षेत्रावरही अवलंबून असतं) वाचनं जुळत नाहीत. प्रत्येक वाचनातून सर्वांत मोठ्या क्षेत्राचं वाचन वजा करा. छिद्रांचं प्रकीर्णन क्षेत्राने बदलत नाही, ते निघून जातं. उरतं ते विस्कटलेल्या चुंबकनाचं. निकेलमध्ये ही विस्कट 1 टेस्लाला साधारण 6 नॅनोमीटर पसरते, 0.05 ला 25 पर्यंत.

ट्रान्समिशन, म्हणजे पत्र्यातून सरळ पार जाणाऱ्या न्यूट्रॉनचं प्रमाण, प्रत्येक क्षेत्राला वेगळं मोजा. कमी क्षेत्रात ते एकदम पडलं, तर डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकन असलेल्या भागांच्या) भिंतींवर न्यूट्रॉन अनेकदा विखुरतायत असं समजा आणि एकच पत्रा लावून पुन्हा मोजा.