घड्याळ बदलण्याच्या आठवड्यांत बैठकीची वेळ कशी ठरवावी

उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच उन्हाळी वेळेचा खरा त्रास झोपेचा एक तास जाण्यात नसून, सगळे देश आपली घड्याळे एकाच दिवशी बदलत नाहीत यात आहे. अमेरिकेत 2007 पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपात मात्र हेच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. त्यामुळे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील एरवीचे पाच तासांचे अंतर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा चार तासांवर येते. अशाच एका आठवड्यात मी ऑनलाइन बैठकीत तासभर एकटाच बसून होतो.

तेव्हापासून दर आठवड्याची बैठक कॅलेंडरमध्ये नोंदवताना मी 'यूटीसी उणे पाच' (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) असा ठरावीक फरक न लिहिता 'न्यूयॉर्क' असे शहराचे नाव निवडतो, कारण शहराच्या नावासोबत तिथले बदलाचे नियमही आपोआप लागू होतात. बैठक कोणत्या शहराच्या घड्याळाने चालणार, हे निमंत्रणातच स्पष्ट लिहावे. अमेरिकेत मार्चमधील त्या रात्री दोन ते तीन हा तास येतच नाही आणि नोव्हेंबरमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो. म्हणून संगणकावरील बॅकअपसारखी आपोआप चालणारी कामे या वेळेत ठेवू नयेत, ती चार वाजता लावावीत.