जी-एचची स्पेलिंगं मुलांकडून पक्की कशी करून घ्यावीत

इंग्रजी शब्दात जी आणि एच जोडीनं आले की मराठी माध्यमातलं मूल हमखास अडखळतं. मग मोठी माणसं ‘सायलेंट आहे, पाठ कर’ म्हणून मोकळी होतात. हा सल्ला वाईट आहे. रफ, कफ, लाफ या शब्दांत तेच जी-एच चक्क ‘फ’ होतं आणि सायलेंट म्हणून शिकलेलं पोर तिथे तोंडघशी पडतं.

जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, दोन रंगांची पेनं आणि रोजची पंधरा मिनिटं एवढं पुरतं. दिवसाला पाच शब्द. मुलाला उत्साह आला तरी सहावा घेऊ नका.

सुरुवातीला कारण सांगा, कारण कळलं की चीड कमी होते. जुन्या काळी इंग्रज लोक हे जी-एच खरोखर उच्चारत, घसा खरवडून काढलेल्या ‘ख’सारखं. रात्रीचा शब्द तेव्हा ‘निख्त’च्या जवळपास होता, जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्त’ म्हणतो. 1476 मध्ये कॅक्स्टन नावाच्या मुद्रकानं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. बोलणं मात्र बदलतच राहिलं. काही शब्दांतला तो ‘ख’ विरून गेला, काहींत त्याचा ‘फ’ झाला.

पहिला गट आय-जी-एच-टीचा. लाइट, नाइट, राइट, फाइट, टाइट, ब्राइट, फ्लाइट: सगळीकडे ‘आइट’. दोन-तीन दिवसांत होतो.

याच अक्षरांच्या आधी ई आला की ‘एट’ होतं: एट म्हणजे आठ, वेट म्हणजे आंब्याच्या पेटीचं वजन, फ्रेट म्हणजे मालगाडीतला माल. हाइट म्हणजे उंची, हा तेवढा बंडखोर. माडाचं चित्र काढून त्याच्याशेजारी तो दुसऱ्या रंगात लिहा.

खरी अडचण यापुढे आहे, ओ-यू-जी-एच आणि ए-यू-जी-एचमध्ये. इथे घाई केलीत तर आधीचं शिकलेलंही विस्कटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओ-यू-जी-एचचे वीस शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहून देणं. डोळ्याला सगळे सारखेच दिसतात, उच्चार मात्र सहा-सात तऱ्हेचे. मूल पहिला उच्चार धरतं आणि खाली तोच ओढत नेतं. म्हणून उच्चाराप्रमाणे वेगळी घरं करा आणि एका दिवशी एकच घर उघडा.

सुरुवात भूतकाळी क्रियापदांपासून करा, कारण त्यांचा शेवट एकच, ‘ऑट’: बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट, कॉट, टॉट. यांतल्या कुठल्यात ओ आणि कुठल्यात ए, हे मुलं घोकत बसतात आणि परीक्षेत उलटं लिहितात. घोकायची गरजच नाही. मूळ क्रियापद पाहा. टीचमध्ये ए आहे, कॅचमध्ये ए आहे; म्हणून टॉट आणि कॉटमध्ये ए-यू. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक यांत ए नाही. म्हणून त्यांच्या भूतकाळात ओ-यू. या सातही शब्दांना हा नियम चुकत नाही.

बॉट आणि ब्रॉटची अदलाबदल हा दुसरा खड्डा. ब्रिंगमध्ये आर आहे, तोच आर ब्रॉटमध्ये उतरतो. बायमध्ये आर नाही, म्हणून बॉटमध्येही नाही. मुलाकडून तीन वाक्यं इंग्रजीत लिहून घ्या: काकानं नवं जाळं विकत घेतलं, त्यात सुरमई पकडली, आईनं बाजारातून बांगडे आणले. बॉट, कॉट, ब्रॉट, तिन्ही त्यात आले. आईच्या वाक्यात आर लिहायचा राहून गेला, तर आईनं बांगडे ‘विकत घेतले’ असं होतं. वाक्य चूक दिसत नाही, म्हणून ही गफलत तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते.

ओ-यू-जी-एच-टीनं संपणाऱ्या नेहमीच्या शब्दांत फसवणारा एकच, ड्राउट म्हणजे अवर्षण. तो प्लाउ म्हणजे नांगर आणि बाउ म्हणजे फांदी यांच्या घरात ठेवा. पाऊस नाही तर नांगर नाही, अशी सांगड घातली की लक्षात राहतो.

‘फ’च्या घरात रफ, टफ, इनफ; जोडीला कफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे गुरांची पाण्याची डोणी. ‘ओ’च्या घरात दो म्हणजे जरी, ऑलदो आणि मळलेल्या पिठाचा डो. थ्रू एकटाच.

दो, थ्रू आणि थॉट एकाच दिवशी कधीही घेऊ नका. तिघांची सुरुवात टी-एचनं होते, पण दोमध्ये जीभ ‘द’कडे जाते, बाकी दोघांत ‘थ’कडे. तिघांत निदान चार-चार दिवसांचं अंतर ठेवा. थरा म्हणजे सखोल, हा शब्द अगदी शेवटी.

ए-यू-जी-एचमध्ये लाफ आणि लाफ्टरला ‘फ’, पण डॉटर आणि स्लॉटरला नाही. स्लॉटरच्या स्पेलिंगमधून पहिला एस झाकला की उरतं ते अक्षरशः लाफ्टर. बोटानं झाकून दाखवा, मग मूल ‘स्लाफ्टर’ वाचणार नाही.

प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायची सवय मोडा. डोळा खालीच वाचतो आणि इंग्रजी अक्षरं बघायची राहून जातात. उच्चार फक्त घराच्या माथ्यावर, एकदाच.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी, नवे शब्द घेण्याआधी. सगळी घरं मिसळून डिक्टेशन महिनाभरानंतरच. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. तो कुठल्या घरातला हे मुलाला विचारा आणि त्या घरातले सगळे शब्द एकदा मोठ्यानं वाचून घ्या. मोबाइलवर डब्ल्यूनं संपणारा प्लाउ दिसला तर ती अमेरिकन पद्धत. वहीत जी-एचचाच ठेवा.