शिकंजा किती आवळायचा?

घरातल्या कोरड्या जागेतल्या लाकडी फर्निचरचे सांधे चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल पुरतो. ओट्याखाली किंवा बाथरूमजवळ मात्र वॉटरप्रूफ प्रकारच घ्या. आधी जुनं पॉलिश आणि भुसा पूर्ण काढा, कारण हा गोंद लाकडात मुरला तरच धरतो. दोन्ही बाजूंना पातळ, सलग थर द्या. फळीचं आडवं कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं, तिथे थोड्या वेळाने दुसरा हात मारा.

शिकंजा (चिकटवलेले भाग दाबून धरणारा क्लॅम्प) आवळताना सांध्याच्या कडेला गोंदाचे बारीक थेंब सलग दिसले की थांबा. इपॉक्सीला (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाला) तर नुसता हलका दाब हवा; जास्त आवळलंत तर तो सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश चढत नाही. पावसाळ्यात शिकंजा रात्रभर राहू द्या.