जावास्क्रिप्टमध्ये 'धिस' हरवला तर कुठे बघायचे

खाते नावाचा ऑब्जेक्ट घ्या. त्यात शिल्लक ही प्रॉपर्टी, किंमत ५००, आणि 'धिस.शिल्लक' रिटर्न करणारी दाखव ही मेथड. धिस (this) म्हणजे फंक्शन ज्या ऑब्जेक्टसाठी चालते आहे तो. (जावास्क्रिप्टला देवनागरी नावे चालतात, कीवर्ड आणि तयार फंक्शनची नावे मात्र रोमन लिपीतच लागतात, आणि आकडे 1, 2, 3 असेच.)

आधी कॉलची ओळ शोधा, म्हणजे फंक्शनच्या नावापुढे कंस लागतात ती. साध्या फंक्शनचा धिस तिथे ठरतो, फंक्शन लिहिले तिथे नाही. 'खाते.दाखव()' मध्ये टिंबाच्या डावीकडे खाते आहे, म्हणून ५०० मिळतात. आता 'फ = खाते.दाखव' करून 'फ()' चालवा. टिंब गेले, धिसही गेला. स्ट्रिक्ट मोडमध्ये (जावास्क्रिप्टचे नियम कडक करणारा मोड) टाइपएरर येते. साध्या मोडमध्ये ब्राउझर 'विंडो' या ग्लोबल ऑब्जेक्टवर शिल्लक शोधतो आणि मुकाट्याने अनडिफाइन्ड देतो. हे जास्त वाईट, कारण चूक भलत्याच ठिकाणी उघडी पडते. क्लास आणि मॉड्यूलमधला कोड आपोआप स्ट्रिक्ट असतो.

ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सेटटाइमआउटला 'खाते.दाखव' दिले तरी खाते असेच हरवते, फक्त ब्राउझरमध्ये तिथे स्ट्रिक्ट मोडमध्येही धिस विंडोच असतो, म्हणून टाइपएरर न येता अनडिफाइन्ड मिळते. कंस आपण लावत नाही, कॉल टायमर करतो. त्याऐवजी '() => खाते.दाखव()' द्या, किंवा 'खाते.दाखव.बाइंड(खाते)'. बाइंड दर वेळी धिस पक्का बांधलेले नवे फंक्शन देते. इव्हेंट लिसनर (क्लिकसारखी घटना घडली की चालणारे फंक्शन) पुढे काढायचा असेल तर ते व्हेरिएबलमध्ये ठेवा. काढताना पुन्हा बाइंड केले तर लिसनर निघत नाही.

त्याच क्षणी दुसरा धिस द्यायचा तर फंक्शनच्या कॉल किंवा अप्लाय या मेथड वापरा. कॉलला आर्ग्युमेंट्स सुटी द्यायची, अप्लायला एका ॲरेत. २०१५ मध्ये स्प्रेड (ॲरेआधी तीन टिंबे देऊन घटक सुटे करणे) आल्यापासून अप्लायची गरज क्वचितच पडते. वरच्यासारख्या बाणाने लिहिलेल्या ॲरो फंक्शनला स्वतःचा धिस नसतो, त्यामुळे त्यावर कॉल, अप्लाय, बाइंड कशानेही धिस बदलत नाही. दाखव ही मेथड ॲरोने लिहू नका, ती याच कारणाने.

आर्ग्युमेंट्सची संख्या जावास्क्रिप्ट तपासत नाही. कमी पडलेली अनडिफाइन्ड होतात, जादाची पॅरामीटरमध्ये येत नाहीत. डीफॉल्ट किंमत फक्त अनडिफाइन्डला लागते. नल पाठवला तर नलच राहतो.

जादा आर्ग्युमेंट्स कधी कधी चांगलीच नडतात. '१', '२', '३' या स्ट्रिंगच्या ॲरेवर 'मॅप(पार्सइंट)' चालवले तर १, नॅन, नॅन मिळते (नॅन म्हणजे 'संख्या नाही'). मॅप प्रत्येक घटकासोबत त्याचा इंडेक्सही पाठवतो आणि स्ट्रिंगची पूर्ण संख्या करणारे पार्सइंट त्या इंडेक्सला संख्यापद्धतीचा पाया समजते. पाया ० म्हणजे नेहमीची दशमान पद्धत, १ चालतच नाही, आणि पाया २ मध्ये ३ हा अंक नसतो. 'मॅप(क => पार्सइंट(क, १०))' लिहा, तिन्ही आकडे नीट येतील.