जर्मनीत परदेशातून आणलेली जुनी बाइक घेताना
बाइक स्वस्त दिसली की हात शिवशिवतात, पण किमतीआधी विक्रेत्याला विचारा, "सीओसी आहे का?" युरोपीय मान्यतेचा हा कागद असला की नोंदणी बरीच सोपी होते. अमेरिकेतून किंवा जपानहून आलेल्या बाइकला तो बहुधा नसतो. मग जर्मन वाहन नियमांच्या कलम २१ खाली तिची स्वतंत्र तपासणी करावी लागते. हेडलाइट, आवाज, धूर, मैलांचा स्पीडोमीटर, सगळं तिथे निघतं आणि स्वस्तातली बाइक महागात पडते. पहिलीच बाइक असेल तर जर्मन नोंदणी आधीच झालेली घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. तिच्या नोंदणीपत्राचे 'टाइल १' आणि 'टाइल २' (भाग १ आणि भाग २) हे दोन्ही मूळ कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्रेमवरचा चासी नंबर स्वतः वाकून जुळवा.

नोंदणीला जाताना पासपोर्टसोबत पत्त्याचा दाखलाही न्या, आपल्या पासपोर्टवर जर्मन पत्ता नसतो. विमा कंपनीने दिलेला ईव्हीबी नंबर (विम्याचा पुरावा), चालू 'ट्यूफ' तपासणी (बाइक रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याची) आणि टॅक्ससाठी बँक खात्याचा तपशील हवाच. टॅक्सची धास्ती मात्र नको : दर २५ सीसीला १.८४ युरो, म्हणजे ६५० सीसीच्या बाइकला वर्षाला ५० युरोंच्या आतच.