लोकरीच्या चिमणीचा वर्ग घ्यायचा तर

खाचांच्या सुईने लोकर टोचून-टोचून घट्ट करत तिची चिमणी घडवायची, या नीडल फेल्टिंगचे वर्ग मी घेते. त्या वर्गात आजवर बोटं टोचली त्यापेक्षा कितीतरी जास्त चिमण्या बिघडल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या पाऊण तासातच. कारण दर वेळी एकच, गाभा, म्हणजे आतला लोकरीचा गोळा, मऊ राहिला. मऊ गाभ्यावर रंग कितीही छान चढवा, मान लटकते, चोच आत जाते आणि घरी पोचेपर्यंत पक्ष्याचा बटाटा होतो. त्यामुळे वर्गाची तयारी करताना मी एवढंच बघते की त्या पाऊण तासात कुणाचं काही अडणार नाही ना. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

लोकर पंधरा दिवस आधी बघायला घ्या. आपल्याकडे ‘लोकर’ म्हणजे स्वेटर विणायचे गुंडे असंच सगळ्यांना वाटतं, आणि दुकानात मिळणारे ते गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. नाव नोंदवताना निम्म्या जणी विचारतात, “घरात उरलेली लोकर आहे, ती चालेल का?” नाही म्हणून वाद घालण्यापेक्षा जळणीची परीक्षा सांगते. चिमटीभर धागा चिमट्यात धरून काडी लावायची. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा कडक काळा मणी होतो. वर्गाच्या सुरुवातीला मी हे सगळ्यांसमोर स्टीलच्या ताटलीत करून दाखवते, म्हणून काडेपेटी आणि ताटली यादीत पहिली.

खऱ्या लोकरीतही सगळी सारखी नसते. मेरिनो मेंढीची लोकर साधारण १८ ते २३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे तंतूची जाडी मोजायचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग), मऊ, दिसायला रेशमासारखी, आणि नवशिक्यांच्या हातात तापदायक. ती बाजारात येते पेळूसारखी, सगळे तंतू एका दिशेने विंचरलेले. ते सुईला निसटतात, भोकं दिसत राहतात. गाभ्याला पिंजलेली, तंतू आडवेतिडवे असलेली लोकर हवी. कॉरिडेल जातीची, २५ ते ३० मायक्रॉनच्या आसपासची, मला सगळ्यात सोयीची वाटते. फक्त पेळूच मिळाले असतील तर ते वीतभर लांबीचे ओढून तोडा, एकमेकांवर उलटसुलट ठेवा आणि पुन्हा तोडा, असं चार-पाच वेळा करा. हे काम आदल्या आठवड्यात टीव्हीसमोर बसून होतं. वर्गात करायला घेतलंत तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

आता दख्खनी मेंढीची लोकर. माझी हौस म्हणा. शेतात खतासाठी बसवलेल्या कळपाच्या धनगरदादांकडून मी एकदा पोतंभर काळी लोकर आणली. बरीचशी लोकर हल्ली गिऱ्हाईक नसल्याने टाकून द्यावी लागते, असं ते म्हणाले, आणि पैसे घ्यायला तयार होईनात. घरी आल्यावर त्यातली कुसळं, गोखरू आणि लेंड्या वेचण्यात दोन रविवार गेले. धुताना कोमट पाण्यात रिठे घालून नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यातही टाकायची नाही, नाहीतर बादलीतच तिचा गोळा होतो. वाळायला तिने पावसाळ्यात पाच दिवस घेतले. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने लोकर नक्की धुतली असणार. एवढं करून ही लोकर चिमणीच्या अंगावर चालत नाहीच. फार राठ, तंतू बाहेर उभे राहतात. पण तिचं घरटं अप्रतिम होतं! मूठभर घ्यायची, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा, चार ठिकाणी टोचायचं, झालं. तिच्या काळ्या-करड्या छटा कुठल्याही रंगीत लोकरीला येत नाहीत. म्हणून प्रत्येकीच्या पाकिटात मी ही लोकर ठेवतेच.

पाकिटं वजन करून भरा, अंदाजाने नको. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ८-९ सेंटिमीटरच्या चिमणीला गाभ्यासाठी १२ ग्रॅम पांढरी, पाठीला ४ ग्रॅम तपकिरी, पोटाला आणि गालांना २ ग्रॅम पांढरट, डोक्याच्या टोपीला आणि गळ्याखालच्या डागाला राखाडी व काळी चिमूटभर. मी नर चिमणाच शिकवते, कारण काळ्या गळपट्टीमुळे बिघडलेला पक्षीसुद्धा चिमणा म्हणून ओळखू येतो. दोन पाकिटं जास्तीची भरा. डोळ्यांचे काळे मणी, दोरा आणि शिवायची सुई वेगळ्या पुडीत. पाय मी शिकवतच नाही. तारेच्या पायांत वर्गाचा शेवटचा तास जातो आणि शेवटी चिमणी पडतेच. घरट्यात बसवली की पायांचा प्रश्न मिटतो.

लोकर साठवायची ती घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि नवी आलेली लोकर जुन्यात लगेच मिसळायची नाही. कसर एकदा शिरली की वर्षभराचा साठा जातो. माझा गेला आहे, म्हणून सांगते. नवी लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते, बाहेर काढून एक दिवस तशीच राहू देते आणि पुन्हा आठवडाभर आत. घरच्यांना आइस्क्रीमच्या जागी मेंढी दिसते, त्याला इलाज नाही.

सुयांची तयारी लोकरीएवढीच, पण जरा जिवावर येणारी. फेल्टिंगच्या सुईच्या कडांवर बारीक खाचा असतात. आत जाताना त्या तंतू खाली ओढून गुंतवतात. मुळात या सुया कारखान्यातल्या यंत्रांसाठी, एका वेळी हजारोंच्या संख्येने लावायच्या. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या डेव्हिड आणि एलिनॉर स्टॅनवुड यांनी त्या सुट्या हातात घेऊन घरगुती कामाला वापरल्या आणि ही कला तिथून पसरली. न विणता, लोकरीचे तंतू नुसते एकमेकांत गुंतवून जमवायचं तंत्र मात्र फार जुनं आहे. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकरीचं जाड बिछायत, तसाच, आणि आपल्या जुन्या मराठीतला बुरणूस, म्हणजे जाड पांघरूण, तोही तसाच. घोंगडी विणलेली असते, बुरणूस जमवलेला. वर्गात एवढं दोन मिनिटांत सांगून मोकळी होते.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. गाभ्याला ३६, बाकी सगळ्याला ३८. ४० नंबर फक्त माझ्याजवळ ठेवते, शेवटची सफाई करायला, कारण नवशिक्यांच्या हातात ती हमखास मोडते. हातात घेतल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात, तेव्हा वरच्या वाकवलेल्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. माझ्याकडे ३६ला लाल, ३८ला निळा. प्रत्येकीला लाल एक आणि निळ्या दोन, आणि माझ्या डबीत आणखी डझनभर. हे पोलाद कडक आणि ठिसूळ, वाकत नाही, तुटतं. सुई ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर आली पाहिजे. आत असताना मनगट वळवलं की टक् असा आवाज येतो आणि सगळा वर्ग थांबतो. तुटलेले तुकडे टाकायला व्हिक्सची रिकामी डबी आणि पक्ष्यात अडकलेलं टोक शोधायला चांगला जोरदार लोहचुंबक, दोन्ही पिशवीत हवेतच. कोकणात किंवा पावसाळ्यात वर्ग असेल तर सुया तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात गुंडाळा आणि वापरण्याआधी कोरड्या पुसा. गंजलेली सुई लोकरीवर पिवळे डाग सोडते.

टोचायला खाली गादी लागते. पूर्वी मी गोणपाटाच्या पिशव्या शिवून त्यांत किलो-किलो तांदूळ भरायचे. टोचायला फार छान, सुया टिकतात. पण आठ किलो तांदूळ घेऊन तीन जिने चढताना एका आजोबांनी विचारलं, “आज भंडारा आहे का?” आणि पुढच्या पावसाळ्यात तांदळात सोंडे निघाले. आता गादीवाल्याकडून दोन इंची घट्ट फोम वीतभर चौरस कापून घेते. दहा-बारा वर्गांनंतर त्याचा भुगा व्हायला लागतो, तो लोकरीत मिसळायच्या आत बदलायचा.

टप्प्यांचे नमुने आदल्या दिवशी तयार करा. नुसता गुंडाळलेला गाभा, घट्ट झालेला गाभा, डोकं जोडलेलं धड आणि पूर्ण चिमणी, असे चार. यातले पहिले दोन सगळ्यात मोलाचे, कारण घट्ट म्हणजे किती घट्ट हे शब्दांत सांगता येत नाही. नवशिकी पिकल्या चिकूइतका गाभा मऊ असतानाच म्हणते, “झालं.” आपल्याला हवा असतो कच्चा पेरू. मी दोन्ही नमुने टेबलाभोवती फिरवते आणि डोळे मिटून दाबायला सांगते. पेरू हाती लागेपर्यंत रंगीत लोकरीची पुडी उघडायची नाही, हा नियम. म्हणूनच ती पुडी मी स्टेपल करून देते.

नोंदणीच्या वेळी तीन गोष्टी विचारा. चष्मा आहे का (असेल तर आणाच), रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं. दहा वर्षांखालच्या मुलांना मी घेत नाही, आयांनी कितीही गळ घातली तरी. २० मार्चच्या चिमणी दिवसाच्या आसपास ती गळ फार वाढते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने हा दिवस २०१०पासून पाळला जातो आणि शाळांना त्या आठवड्यात काहीतरी करायचं असतंच. मुलांना मी साबण-पाण्याने लोकरीचे चेंडू करायला देते. सुई नाही.

जागा आधी जाऊन बघा. टेबल डगमगतं का, उजेड डावीकडून येतो का, आणि पंखा कुठे आहे. पंख्याखाली लोकर उडते, पंखा बंद केला तर मे महिन्यात माणसं उडून जातात. टेबलं भिंतीकडे सरकवून पंखा मंद ठेवणं एवढंच जमतं. चामड्याची बोटमोजी, डेटॉल, कापूस, बँडएड. ज्यांना लोकरीच्या धुळीने शिंका येतात त्यांच्यासाठी दोन मास्क.

फीचा हिशेब करताना ही पंधरा दिवसांची तयारी त्यात धरा. मी पहिली तीन वर्षं फक्त लोकर आणि सुया धरल्या, आणि वर्ग भरूनही हातात काही का उरत नाही म्हणून डोकं खाजवत बसले.

सुया मोजून दिल्या तशाच मोजून परत घ्या, वहीत प्रत्येकीच्या नावापुढे आकडा लिहून. एक कमी भरली तर कुणालाही उठू देऊ नका. आधी फोम पालथे करा, मग पदर आणि ओढण्या झटका, मग पर्सचे पट्टे बघा. सगळ्या गेल्या की लोहचुंबकाला दोरी बांधून तो टेबलांखालून, खुर्च्यांखालून सावकाश फिरवा. त्याला टाचण्या चिकटतील, केसांचे आकडे चिकटतील, कधीतरी दोन रुपयांचं नाणंही. तो दोनदा रिकामा आला की मग हॉलची किल्ली परत करा.